'जुना वाचक' यांना उत्तर (जरा लांबलंय, सॉरी)

'सध्या काय बघतेय, काय ऐकतेय' या माझ्या यादीवर 'एक जुना वाचक' या नावाने एक कमेंट आलीय. (यादीत होते 'द डिसायपल' आणि 'दशावतार' हे सिनेमे, 'देवबाभळी' हे नाटक आणि 'गुलाबी साडी' हे गाणं.) बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून कमेंट इथेच देते: "यादी ठीक. पण 'द डिसायपल' लोकलमध्ये मोबाईलवर चार दिवसांत तुकडे पाडून बघायचा आणि मग त्यावर लिहायचं, म्हणजे पुरणपोळीची रेसिपी वाचून ढेकर देण्यासारखं आहे. देवबाभळी 2019 चं नाही. त्याच पंगतीत गुलाबी साडी? आणि सगळं मुंबईपुरतंच. सबुरीने, पूर्ण बघून लिहीत जा ताई. राग नसावा."

आधी चूक कबूल करते. देवबाभळी रंगभूमीवर आलं 2017 मध्ये, मी 2019 लिहिलं होतं. बदललंय. थँक्यू.

आता "राग नसावा". दादा, राग यावा असं लिहायचं आणि खाली राग नसावा म्हणायचं, हे म्हणजे गर्दीत पायावर पाय देऊन वर "जरा सांभाळून उभ्या राहा" म्हणण्यासारखं झालं. आणि जुने वाचक म्हणताय तर या आधी तुमची एकही कमेंट मला कशी आठवत नाही? असो. ढेकराचं वाक्य मात्र चांगलं जमलंय, ते मी ढापणार आहे.

मुद्दा लोकलचा. मी डोंबिवली ते सीएसएमटी 19 वर्षं करतेय, जाऊन येऊन रोजचे अडीच तास, मेगाब्लॉक सोडून. घरी टीव्हीचा रिमोट सासूबाईंकडे, त्या झोपल्या की मुलाचा अभ्यास, तो झोपला की मी. म्हणजे मी जे काही बघते ते चौथ्या सीटवर अर्धी टेकून, एका कानात इअरफोन आणि दुसरा कान इंडिकेटरच्या अनाउन्समेंटला. हे बघणं नव्हे असं तुमचं म्हणणं असेल तर मग माझ्यासारख्या बायकांनी काही बघूच नये, सरळ सांगा ना.

आणि तुकड्यांत बघणं आमच्याकडे मोबाईल आल्यावर सुरू झालं असं वाटतंय का तुम्हाला? लालबागच्या चाळीत आमची आजी आकाशवाणीवर कामगारसभा ऐकायची, गिरणी कामगारांसाठीचा कार्यक्रम, आजोबा गिरणीत आणि ऐकायची ही. नळाला पाणी आलं की अर्ध्या गाण्यातून हंडा घेऊन उठायची, परत येईपर्यंत दुसरंच काहीतरी लागलेलं असायचं, तरी त्यातली गाणी तिला शेवटपर्यंत पाठ होती. दूरदर्शनवर शनिवारी मराठी सिनेमा लागायचा, ऐन रंगात आला की बातम्या, मग पुन्हा सिनेमा, आणि नेमकी तेव्हाच लाईट जायची. कित्येक सिनेमांचे शेवट मला शेजारच्या काकूंनी सांगितलेत. आमची आवड तशीच तयार झाली हो, वातानुकूलित हॉलमध्ये नाही झाली.

बरं, तुम्ही म्हणाल डिसायपल थिएटरात बघायचा. कुठल्या? 2020 ला व्हेनिसमध्ये पटकथेचं बक्षीस घेऊन आलेला हा सिनेमा आपल्याकडे एप्रिल 2021 अखेरीस थेट नेटफ्लिक्सवर आला, आणि तेव्हा दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रातली थिएटरंच बंद होती. म्हणजे तुम्हीसुद्धा तो घरीच बघितला असणार. फक्त स्क्रीन माझ्यापेक्षा मोठा, एवढाच फरक.

आणि मी काय बघितलं ते ऐका. शरद, म्हणजे शास्त्रीय गाणं शिकणारा नायक, रात्री मोकळ्या रस्त्यावरून बाईक चालवतोय, सगळं स्लो मोशनमध्ये, मागे तानपुरा, आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंच्या जुन्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग, तो आवाज सुमित्रा भाव्यांचा. मी 6:40 च्या लेडीज डब्यात होते, सायन सोडलं आणि गाडी कुर्ल्याच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिली ती राहिलीच. शेजारची बाई मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होती, तिने वाकून माझ्या मोबाईलमध्ये बघितलं आणि विचारलं, "एवढा हळू का चालवतोय? पेट्रोल संपलंय का?" मी एक इअरफोन तिला दिला. गाडी हलेपर्यंत ती ऐकत होती, हातातली शेंग तशीच. मग म्हणाली, "बाई बोलते छान, पण याचं काही होणार नाही." शरदचं काय होतं ते सिनेमा बघितलेल्यांना माहितीय. आता सांगा, तिने सिनेमा बघितला की नाही बघितला?

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. "सगळं मुंबईपुरतंच" म्हणताय, तर गुलाबी साडीवाला संजू राठोड जळगावकडचा, देवबाभळी लिहिणारा प्राजक्त देशमुख नाशिकचा आणि त्यातली आवली देहूची, दशावतार कोकणातला. यादीत मुंबईचं काय असेल तर डिसायपल आणि मी. दशावतार मी दादरला थिएटरात बघितला, अख्खा, 81 वर्षांच्या प्रभावळकरांसाठी दोन तिकिटं काढून, हे तुम्ही सोयीस्करपणे वाचलंच नाहीत. (पूर्ण वाचून लिहीत जा दादा. राग नसावा.) आणि गुलाबी साडी त्या पंगतीत का, तर आवडली म्हणून. आमच्या बिल्डिंगमधल्या हळदीला सासूबाई त्यावर नाचल्यात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. यादीच्या वर 'माझ्या आवडीचं' असं लिहिलंय, 'महाराष्ट्राचा सांस्कृतिक ठेवा' असं नाही.

अजून एक, आता सांगितलंच पाहिजे. तुमची कमेंट वाचून रविवारी दुपारी मी तो बाईकचा सीन टीव्हीवर लावला, सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. तानपुरा इतका खालून, इतका सतत वाजत राहतो हे मला डब्यात कळलंच नव्हतं, तिथे मला तो गाडीच्या पंख्याचाच आवाज वाटला असणार. दोनदा लावला. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि मुलगा विचारायला आला की हे अडकलंय का.

पुढची यादी गणपतीनंतर. कमेंट करणार असाल तर खऱ्या नावाने करा.