टाळेबंदीत निसर्ग सावरला, हा दावा तपासताना

मार्च महिना आला की मराठवाड्यातल्या समाजमाध्यम गटांवर एक संदेश पुन्हा फिरू लागतो : 2020 मध्ये माणूस घरात बसला, म्हणून जायकवाडीवर पक्षी वाढले, गौताळा अभयारण्यात वाघ आला, शिकार थांबली, तेव्हा जंगलातून माणूस बाहेर काढणे हेच खरे संवर्धन.

नाथसागरावरचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावरचे, हिवाळी पाहुणे पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरतात आणि मार्चअखेर परतीला लागलेले असतात. टाळेबंदी लागली 25 मार्चला. जे पक्षी निघण्याच्या बेतात होते, त्यांच्या वाढीचे श्रेय तिला देता येत नाही.

गौताळ्यातला वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला तो मार्च 2021 मध्ये, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी उठून कित्येक महिने झाल्यावर. तो यवतमाळ जिल्ह्यातून चालत आला होता. त्याच जिल्ह्यातल्या, अवघ्या 148 चौरस किलोमीटरच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर 2019 मध्येच, महामारीपूर्वी, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला होता. जागा अपुरी पडली की तरुण नर नवा प्रदेश शोधत निघतात. रस्ते ओस असण्याशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. शिवाय ज्ञानगंगेच्या वाघाची वाट कळली ती गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे, म्हणजे ठावठिकाणा कळवणाऱ्या पट्ट्यामुळे, आणि गौताळ्याचा वाघ आला हे कळले ते जंगलात कॅमेरे लावलेले होते म्हणून, ही गोष्ट संदेश लिहिणारा सोयीस्करपणे विसरतो.

शिकार तर थांबली नाहीच. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने प्रसिद्ध झालेल्या बातम्यांवरून केलेल्या मोजणीत टाळेबंदीपूर्वीच्या सहा आठवड्यांत देशभरात 35 घटना आढळल्या, तर टाळेबंदीच्या सहा आठवड्यांत 88. बातमीपर्यंत न पोहोचलेल्या घटना यात अर्थातच नाहीत.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, ते नुकसान मला अधिक गंभीर वाटते. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर होणारी प्राणीगणना झाली नाही. एका रात्रीची ही गणना ढोबळच असते, हे मान्य. पण विणीचा एक हंगाम, एका उन्हाळ्यातले पाणवठ्यावरचे वर्तन यांची हुकलेली नोंद पुढच्या वर्षी भरून काढता येत नाही. त्यातच 4 मे 2020 रोजी राज्य शासनाने बहुतेक विभागांचा विकासखर्च मंजूर तरतुदीच्या 33 टक्क्यांवर आणला.

राहिला माणूस बाहेर काढण्याचा सल्ला. धाराशिवजवळचे येडशीचे अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याला चहूबाजूंनी शेतशिवार लागून आहे. अशा जंगलात फेब्रुवारीपासून मेपर्यंत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळे ठेवलेले पट्टे) राखायला, वणवा विझवायला, कोरड्या पाणवठ्यात टँकरने पाणी सोडायला आणि गुराख्यांशी बोलायला माणसेच लागतात, आणि टाळेबंदी आली ती नेमकी याच महिन्यांत.