भिजलेल्या पुस्तकांचा पंचनामा

आज सकाळपासून ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरतोय. कॉलेजची गच्ची, निळी ताडपत्री, तिच्यावर तळघरात भिजलेली पुस्तकं उघडी करून उन्हात पसरलेली, आणि मागे मान्यवर एका ओळीत उभे. खाली 'तत्परता', 'ग्रंथसंपदा' वगैरे शब्द आणि टाळ्यांचे इमोजी. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आपल्याकडे पाणी शिरलेल्या दहा कॉलेजांपैकी नऊ हेच करतात.

फोटोत पुढच्या रांगेतली पुस्तकं आर्ट पेपरची, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदाची आहेत. ओल्या पानांची चकाकी मोबाईलवरसुद्धा दिसते. ती संध्याकाळपर्यंत विटा होणार. आर्ट पेपरवर चिनी मातीचा लेप असतो. पाणी लागलं की तो चिकट होतो आणि वाळताना एका पानाचा लेप दुसऱ्याला धरतो. ओलं आहे तोवर पान सुटतं, वाळल्यावर जगातला कोणीही ते सोडवू शकत नाही. अशी पुस्तकं काही तासांतच ओली असतानाच गोठवायची, किंवा मग प्रत्येक दोन पानांमध्ये कागद घालत बसायचं. तिसरा मार्ग नाही. आणि आपण काय केलं? ऊन दिलं, फोटो काढला.

अशा वेळी मला दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचं ते शटर आठवतं.

१८ एप्रिल २०२१, रविवार. टेबल माउंटनच्या उतारावरचा वणवा खाली केपटाऊन विद्यापीठाच्या आवारात शिरला. सुमारे चार हजार विद्यार्थ्यांना बाहेर काढावं लागलं. जॅगर वाचनालयाच्या छताने पेट घेतला आणि १९३० च्या दशकातलं ते देखणं वाचनदालन खाक झालं. आफ्रिका अभ्यासाचा छापील संग्रह, अंदाजे सत्तर हजार नग, जवळपास सगळा गेला. आफ्रिकी चित्रपटांच्या साडेतीन हजारांच्या आसपास डीव्हीडी होत्या, त्यातली एकही राहिली नाही. पण आग लागल्याचं यंत्रणेला कळलं आणि आगरोधक शटर आपोआप खाली आलं. आग इमारतीच्या बाकीच्या भागात गेली नाही. तळघरांत हस्तलिखितं आणि कागदपत्रं होती, ती जळाली नाहीत. ब्लीक आणि लॉइड या भाषा-अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात तिथल्या मूळच्या सान लोकांकडून ऐकून उतरवलेल्या कथांच्या वह्या वाचल्या. त्यांतली एक भाषा आज कोणीही बोलत नाही. युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत १९९७ पासून असलेला हा संग्रह आहे.

त्या शटरला खाली यायला कुलगुरूंची सही लागली नाही. एवढंच मला आज म्हणायचं आहे खरं तर, पण राग आलाय, तेव्हा लांबण लागणार.

आग विझवली की गोष्ट संपली असं लोकांना वाटतं. ग्रंथालयात आग विझली की पूर सुरू होतो. बंबांचं पाणी खालीच उतरणार, आणि केपटाऊनमध्येही ते तळघरांत उतरलं. जळण्यापासून वाचलेलं भिजलं. वरचं छप्पर गेलेलं, भिंती धोक्याच्या, त्यामुळे आत शिरणं सुरक्षित आहे हे कळेपर्यंत काही दिवस गेले. मग कर्मचारी, विद्यार्थी, शहरातले लोक हेल्मेट-मास्क घालून रांगेत उभे राहिले आणि क्रेट हातोहात वर आले. बाहेर तंबू ठोकले होते. तिथे कोरडं, दमट, ओलं अशी वर्गवारी झाली आणि ओलं ते फ्रीझर कंटेनरमध्ये गेलं.

ही वर्गवारी हा सगळ्या कामाचा गाभा आहे. आपल्याकडे सगळं एकाच ताडपत्रीवर.

कागद भिजला की घड्याळ सुरू होतं. आपल्या हवेत ४८ ते ७२ तासांत बुरशी दिसायला लागते, कोकणात जुलैमध्ये त्याच्याही आधी. म्हणजे दोन दिवसांत जेवढं हाताने वाळवता येईल तेवढंच वाळवायला घ्यायचं, बाकी सगळं गोठवायचं. दहा माणसं आणि एक हॉल असेल तर काहीशे पुस्तकं नीट वाळवता येतात. पाच हजार भिजली असतील तर हिशोब सोपा आहे, साडेचार हजार फ्रीझरमध्ये. गोठवल्याने पुस्तक वाळत नाही, पण बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, पानं चिकटायची थांबतात. तुम्हाला सहा महिने विचार करायला मिळतात. नंतर व्हॅक्यूम फ्रीझ ड्राइंगमध्ये बर्फाची थेट वाफ होते, पुन्हा पाणी न होता, म्हणून पानं फुगत-चिकटत नाहीत.

आता 'फ्रीझर कुठून आणायचे' हा प्रश्न येणार, येतोच. सांगली-तासगावकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस पुष्कळ आहेत, पण ती शून्याच्या वरची. चार अंशांवर बुरशी मंदावते, मरत नाही, थांबतही नाही. आपल्याला उणे १८ ते उणे २० किंवा त्याखालची खोली हवी. ती मासळी निर्यात करणाऱ्यांकडे असते, आइस्क्रीमवाल्यांकडे असते, फ्रोझन मटारवाल्यांकडे असते. रत्नागिरीच्या माणसाने मला फ्रीझर मिळत नाही म्हणून सांगू नये. पुस्तकं मासळीशेजारी ठेवायला कारखानदार का तयार होईल, हा आक्षेप रास्त आहे. तो पूर आल्यावर रात्री दोनला तयार होणार नाही. मे महिन्यात चहा पिऊन, एका पानाचा करार करून ठेवला तर होईल. ते पान म्हणजे आपलं शटर.

आणि रॅकवरून पुस्तकं कशी काढायची, तेही लिहितो, कारण अर्धं नुकसान पुराने होतं आणि अर्धं मदतीला आलेल्या उत्साही मंडळींनी.

आधी वीज बंद. मेन स्विच पडला आहे हे वायरमनने सांगितल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. भिजलेली पुस्तकं फुगतात आणि रॅकमध्ये ठासून बसतात. वरून बोट घालून ओढलं की पाठपट्टी हातात येते, पुस्तक तिथेच. दोन्ही बाजूची पुस्तकं मागे रेटून, मधलं दोन्ही तळव्यांनी धरून काढायचं. उघडायचं नाही. उघडं पडलं असेल तर मिटायचं नाही. चिखल असला तर मिटलेलं घट्ट धरून स्वच्छ पाण्यात हलकं हलवायचं, पण हाताने लिहिलेलं, जुनी शाई, शिक्के, रंगीत चित्रं यांना हे पाणी अजिबात दाखवायचं नाही, ते तसंच गोठवायचं. क्रेटमध्ये पाठपट्टी खाली करून, एकाच थरात, हात आत जाईल इतकी ढिली भरायची. प्रत्येक एकाआड एक पुस्तकाला बटर पेपर गुंडाळला की गोठल्यावर एकमेकांना चिकटत नाहीत. वजन विसरू नका. आजचा साधा कागद स्वतःच्या वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत पाणी पितो, जुना हातकागद त्याहून जास्त. कोरडा दहा किलोंचा क्रेट ओला सोळा किलोंचा होतो आणि तो जिन्यावरून वर न्यायचा असतो. पुठ्ठ्याचे खोके वापरू नका, तिसऱ्या पायरीवर बूड सुटतं. भाजी मार्केटमधले प्लास्टिकचे जाळीदार क्रेट उत्तम. फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत, त्या हवेवरच सुकवायच्या.

ऊन का नको? वरचं आवरण आणि पानांच्या कडा तासाभरात कडक होतात, शिवणीपाशी ओल तशीच राहते, आणि बुरशी तिथूनच सुरू होते, जिथे कोणी बघत नाही. पुठ्ठे धनुष्यासारखे वाकतात. पंखा चालेल, पण नुसता पंखा ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत ओली हवाच फिरवतो. खिडक्या बंद, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) चालू, आर्द्रता ५० च्या आसपास, पुस्तकं उभी, पानं हलकी विलग, टीपकागद ओला झाला की बदलायचा. कंटाळवाणं काम आहे. याचा फोटो चांगला येत नाही.

मान्य, केपटाऊन श्रीमंत आहे. मान्य, त्यांच्याकडेही वाचनदालन वाचलं नाही, ती सत्तर हजार पुस्तकं आणि ते चित्रपट शटरच्या चुकीच्या बाजूला होते. पुढे.

आपल्याकडची खरी अडचण पैसा नाहीच. अडचण आहे पंचनामा. पाणी ओसरलं की पहिला आदेश असतो 'पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका.' तलाठी गावातल्या घरांत अडकलेला, विमावाला पुण्याहून येणार, चौथ्या दिवशी पंचनामा होतो आणि त्या चार दिवसांत तळघरात काळी-हिरवी लव उगवलेली असते. मग पंचनाम्यात 'संपूर्ण नुकसान' लिहायला काहीच खोटं बोलावं लागत नाही! हे नियमाने अडलेलं नाही हो, सवयीने अडलंय. प्रत्येक रॅकचे फोटो काढा, तारीख-वेळ दिसू द्या, क्रेटवर नंबर टाका, रॅक क्रमांक आणि क्रेट क्रमांक वहीत लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि हलवा. पंचनामा क्रेटचा करता येतो.

पण ग्रंथपाल हलवत नाही, कारण घाबरतो. दाखल रजिस्टरमधलं पुस्तक सापडलं नाही तर वसुली त्याच्याकडून. निर्लेखनाचा, म्हणजे खराब पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षं वर पडून. शिवाय नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या तपासणीच्या वेळी ग्रंथसंख्या कमी दिसायला नको, म्हणून मेलेली पुस्तकंही जिवंत मोजायची. क्रेट घ्यायचे तर तीन कोटेशन. पुराच्या रात्री तीन कोटेशन कोण देणार, बेडूक?

प्राचार्यांनी, कुलसचिवांनी आधीच एक आदेश काढून ठेवावा की आपत्तीत अमुक रकमेपर्यंत ग्रंथपाल स्वतः खर्च करेल आणि पुस्तकं हलवेल. दहा ओळींचा आदेश. पुन्हा सांगतो, शटर खाली येतं ते आधी बसवलेलं असतं म्हणून.

आणि यादी. आगीच्या किंवा पुराच्या वेळी सगळं वाचत नाही. कुठलं कपाट पहिलं बाहेर, कुठलं दुसरं, हे नकाशावर लाल रंगाने लिहिलेलं हवं, आणि त्याची एक प्रत ग्रंथालयाच्या बाहेर हवी. वॉचमनकडे हवी. बाजारात नवी मिळणारी पाठ्यपुस्तकं पहिल्या ट्रिपमध्ये बाहेर आणून संस्थानकाळातल्या नोंदी आत भिजत ठेवणं हे आपल्याकडे होतं, कारण पाठ्यपुस्तकं दाराजवळ असतात.

२८ जुलै १९९७ ला अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला प्रचंड पाऊस झाला. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या मॉर्गन ग्रंथालयाची तळघराची भिंत पाण्याच्या दाबाने फुटली आणि सव्वाचार लाखांच्या आसपास खंड भिजले, बरेचसे बांधीव नियतकालिकांचे. त्यांनी ते गोठवले, वाळवायला बाहेर पाठवले. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. सत्र तोंडावर आलेलं, मुलांना लेख हवेत आणि लेख फ्रीझरमध्ये. म्हणून त्यांनी इतर ग्रंथालयांकडून लेख झटपट मागवायची व्यवस्था उभी केली. तिचं पुढे 'रॅपिड' झालं आणि इतर ग्रंथालयंही तिच्यात आली. आपत्तीनंतर विद्यापीठाने काय करायचं, तर हे. वाचक थांबता कामा नये.

आपल्याकडे काय होतं? पुस्तकदानाचं आवाहन. मग टेम्पो भरून गाइडं, जुनी डायजेस्ट, 'माहेर' मासिकाच्या अंकांचे गठ्ठे आणि एकाच आत्मचरित्राच्या वीस प्रती. ग्रंथपाल आधीच चिखलात, त्यात हे निवडत बसायचं. देणाऱ्यांचा भाव चांगला असतो, नाकारत नाही. पण पहिले सहा महिने पुस्तकं पाठवू नका. डिह्युमिडिफायरचं भाडं द्या.

२०१९ ला सांगलीत, २०२१ ला चिपळूणला सार्वजनिक वाचनालयांत पाणी शिरलं. ती विद्यापीठं नव्हेत, पगारी माणसं मोजकी, तरी लोक चिखलात उतरले. त्यांच्यावर मी एक शब्द बोलणार नाही. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम ज्यांचं, ज्यांच्याकडे ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत, त्यांच्या अभ्यासक्रमात आपत्ती व्यवस्थापन पाच मार्कांची टीप असते. मुलांना एकदा चार रद्दीतली पुस्तकं बादलीत भिजवून, कॅन्टीनच्या फ्रीझरमध्ये ठेवून दाखवा ना. खर्च शून्य.

चिडून बरंच लिहिलं. फोटोतले शिपाई मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत. मान्यवरांच्या मागे, अर्धे कापले गेलेले, गुडघ्यापर्यंत पँट वर केलेली, हातात काही नाही. हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत. पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं, उंदरांचं मूत असतं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. पायाला जखम असलेल्या माणसाला त्या तळघरात पाठवायचंच नाही, आणि उतरलेल्या प्रत्येकाला डॉक्टरांना विचारून औषध द्यायचं. बुरशी दिसली की साधा कापडी मास्क पुरत नाही, एन-९५ लागतो. दम्याचा त्रास असलेल्यांना लांब ठेवा. ही खरेदी पुस्तकांच्या बजेटमधून करा, बिनधास्त.

पाऊस अजून महिनाभर आहे. तुमच्या तालुक्यात उणे २० ची खोली असलेलं युनिट माहीत असेल, आणि मालक बोलण्यातला असेल, तर गाव आणि युनिटचं नाव खाली लिहा. जिल्ह्याप्रमाणे यादी लावून ग्रंथपालांच्या ग्रुपवर टाकतो.