स्वस्त चहाचे भाडे

17 सप्टेंबर 2023 रोजी लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर मी रांगेत उभी होते. जिन्यावरून खाली उतरून ती रांग फुटपाथवर आली होती, कारण ‘इंडिया क्लब’ या भारतीय उपाहारगृहाचा तो अखेरचा दिवस होता. कृष्ण मेनन आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनमध्ये झटलेल्या इंडिया लीग या संघटनेतील मंडळींच्या पुढाकाराने 1951 मध्ये सुरू झालेला हा क्लब साठच्या दशकात या इमारतीत आला. आपले उच्चायुक्तालय तिथून चालत गेल्यास काही मिनिटांवर असल्यामुळे तिथले कर्मचारी, भारतीय पत्रकार आणि नव्याने आलेले विद्यार्थी यांना तो हक्काचा वाटे. लंडनमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात तिथली मिरचीची भजी खाताना शेजारच्या टेबलावरून मराठी ऐकू आले आणि मी उठून त्या अनोळखी कुटुंबात जाऊन बसले. कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

त्या रांगेत मला सारखी ‘समोवार’ची आठवण येत होती. मुंबईत काळा घोड्याजवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीत, रेल्वेच्या डब्यासारखे लांबट आणि अरुंद असलेले हे उपाहारगृह उषा खन्ना यांनी 1964 मध्ये सुरू केले आणि 2015 च्या मार्चअखेरीस ते बंद झाले. मी समोरच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. दोघींत एक खिमा पराठा आणि पेरूचा रस मागवायचा आणि पलीकडे म्युझियमची बाग बघत दुपार काढायची, हा आमचा नेम होता. हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिथे येत. पण माझ्या मनात त्यांच्यापेक्षा ठळक राहिला आहे तो तिथला वेळ. तीन तास बसलो तरी बिल पुढे सरकवून कोणी उठवले नाही. आईवडिलांच्या घरात स्वतःची खोली नसलेल्या मुलींना या मोठ्या शहरात निवांत बसायला मिळालेली ती पहिली जागा होती आणि हे ऋण मी आजही मानते.

‘समोवार’ बंद झाले तेव्हा जो वाद मी ऐकला, तोच एखादे इराणी हॉटेल बंद झाले की पुन्हा कानावर येतो. एक बाजू म्हणते की हे वारशाचे स्थान आहे, सरकारने ते वाचवावे. दुसरी म्हणते की गळा काढणाऱ्यांपैकी किती जण गेल्या वर्षभरात तिथे जेवायला गेले होते? हा प्रश्न बोचरा आहे, पण मला तो गैरलागू वाटतो. ‘समोवार’ गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडले नाही. जागेच्या कराराचा अनेक वर्षांचा वाद त्याच्या मुळाशी होता. ‘इंडिया क्लब’चेही तेच झाले. तेथील डोशाची मागणी संपली नव्हती, इमारतीच्या मालकांना तिथे नव्या धर्तीचे हॉटेल हवे होते.

वारसा म्हणणाऱ्यांनाही लंडनचा अनुभव सांगावासा वाटतो. 2018 मध्ये ही इमारत अंशतः पाडून नवे हॉटेल बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हजारो लोकांनी निवेदनावर सह्या केल्या, मीही केली, आणि वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने परवानगी नाकारली. आम्ही आनंदाने पेढे वाटले. पाच वर्षांनी क्लब गेलाच. इंग्लंडमध्ये 1954 च्या कायद्याने व्यापारी भाडेकरूला कराराच्या नूतनीकरणाचा हक्क दिला आहे. परंतु इमारतीची पुनर्बांधणी करायची असेल तर मालक ते नाकारू शकतो, आणि संरक्षण तिथेच संपते. मुंबईतही 1995 पासून वारसा नियमावली आहे, तिच्या आधारे दर्शनी भिंती आणि कमानी वाचतात. आत चहा कोण उकळणार हे ती ठरवत नाही.

मग भाडे गोठवून ठेवावे का? जुन्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या जागांबाबत मुंबईत नेमके तेच झाले. ज्या मालकाला कोट्यवधींच्या जागेचे महिन्याला काहीशे रुपये मिळतात, त्याचा राग मला समजतो आणि तो अन्यायच आहे. आमच्या तीन तासांच्या चहाची खरी किंमत अनेकदा असाच कोणी घरमालक सोसत होता, हे आपण आठवणी काढताना मान्य केले पाहिजे. पुण्यामुंबईत संगमरवरी टेबलावर एका ब्रून मस्क्यावर सकाळ काढलेल्या आपल्या सर्वांनाच ते लागू आहे.

म्हणून मला सॅन फ्रान्सिस्कोचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. तिथे 2015 मध्ये मतदारांनी कौल देऊन जुन्या व्यवसायांसाठी निधी उभारला. तीस वर्षे किंवा त्याहून अधिक चाललेल्या आणि परिसराच्या ओळखीचा भाग झालेल्या दुकाना-उपाहारगृहांची नोंद होते, आणि अशा भाडेकरूला किमान दहा वर्षांचा करार देणाऱ्या जागामालकाला शहराच्या निधीतून अनुदान मिळू शकते. म्हणजे जे सर्वांना हवे आहे, त्याचा खर्च एकट्या मालकाच्या माथी मारला जात नाही.

मुंबई महापालिका असा निधी उभारू शकणार नाही, असे घरचे लोक मला फोनवर सांगतात. रस्त्यांना पैसे नाहीत तिथे खिमा पराठ्याला कुठून आणायचे, असा त्यांचा सवाल असतो. त्यांचे म्हणणे मी हलक्यात घेत नाही, इथे राहून मला तो अधिकारही नाही. तरीही मोठ्या सार्वजनिक वास्तूंपासून सुरुवात करता येईल. कलादालने, नाट्यगृहे, ग्रंथालये यांच्या आवारातील उपाहारगृहांचे करार करताना सर्वांत मोठी बोली एवढाच निकष न ठेवता, विद्यार्थ्याला परवडेल असा एक तरी पदार्थ आणि बसण्याची मुभा ही अट घालायला निधी लागत नाही. जहांगीरच्या पायऱ्या उतरून आजही मुली समोरच्या महाविद्यालयाकडे जातात; दुपारी दोन ते पाच त्या कुठे बसतात, हे मी पुढच्या खेपेस तिथे जाऊन त्यांनाच विचारणार आहे.