खुलासा: फ्रीस्टाइलमध्ये श्वास किती हातांनी?

सांगलीत कृष्णेवर पोहणाऱ्यांमध्ये मेसेज फिरतोय: ‘फ्रीस्टाइलला (पालथं राहून आळीपाळीने हात मारत पोहताना) पाच हात मारल्याशिवाय श्वास घेऊ नका, दम वाढतो.’ हे चुकीचं आहे. लांब अंतराला दर दोन हातांनी, एकाच बाजूने श्वास घेणं अगदी योग्य. शर्यतीतले कसलेले पोहणारेही बहुतेक तसंच करतात. दर तीन हातांनी, आलटून पालटून बाजूने श्वास घेण्याचा सराव दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून करा. नदीत दोन्ही काठांवर नजरही राहते.

धाप लागते ती बहुधा श्वास पाण्यात न सोडल्यामुळे. तोंड पाण्यात गेलं की लगेच बुडबुडे सोडायला लागा, मान वळेपर्यंत. श्वासासाठी मान वळवताना गॉगलची एक काच पाण्यातच हवी. डोकं उचललंत की पाय खाली जातात. आणि दम कोंडून पोहण्याच्या पैजा नकोतच, शुद्ध हरपते ते कळतही नाही.