कोर्टाला कुलूप कशाला?

आज संध्याकाळी पार्कात गेले तर बास्केटबॉल कोर्टाच्या गेटला कुलूप आणि वर बोर्ड, 'प्रवेश फक्त ॲपवरून बुकिंग करून'. आत चिटपाखरू नाही हं, आणि बाहेर सात-आठ पोरं बॉल घेऊन जाळीला टेकून उभी. डोकंच फिरलं माझं.

माझी लेक नऊ-दहा वर्षांची असताना याच कोर्टवर एकटी जायची. रिंग १० फुटांवर, हिचा बॉल निम्म्यात पोचला तरी खूप. नुसती कडेला बसून बघायची. मग कधीतरी मोठ्या मुलांत एक भिडू कमी पडला आणि त्यांनी हिला हाक मारली, "ए, येतेस का?" झालं, तिथून ती खेळायला लागली.

ॲपवर काय बुक केलं असतं तिने? बुकिंगला आधी टीम हवी, फोन हवा, ओटीपी हवा. म्हणजे ज्याला ऑलरेडी मित्र आहेत त्यालाच कोर्ट! कडेला बसायची सोयच राहिली नाही, मग हाक कोण कोणाला मारणार?

बरं, आधी दादागिरी चालायची, तीच चार टगी पोरं कोर्ट अडवायची, मान्य. मग ठेवा की तासभर बुकिंगला, बाकी वेळ हरलेली टीम बाहेर, पुढची आत. एवढं पोरांना कळतं, समितीला कळत नाही.

आणि 'जागा कमी, खेळ जास्त' हे मला सांगू नका. बास्केटबॉल कोर्ट २८ बाय १५ मीटर, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, बॅडमिंटनचं तर १३.४ बाय ६.१. वेगवेगळ्या रंगाच्या रेघा मारा, एकाच कोर्टवर तिन्ही बसतात. आपल्याला मात्र वॉकिंग ट्रॅक उघडा, ओपन जिम उघडी, कुलूप फक्त पोरांना, आणि वर आपणच म्हणायचं की सारखी मोबाईलमध्ये असतात. डब्ल्यूएचओ ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी म्हणते, ती काय जिन्यात करायची?

वॉचमनकाकांवर राग नाही माझा. ते बिचारे म्हणाले, "ताई, किल्ली माझ्याकडे असती तर कधीच उघडलं असतं." लेकीला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, तेव्हा बुकिंग असतं तर मी घरीच बसले असते गं.

रविवारी समितीची मीटिंग आहे. मी जाणारे. ज्यांना पटतंय त्यांनी नुसतं लाईक ठोकू नका, या, आणि येताना पोरांनाही आणा. बुकिंग न करता.