लाल दिवा, फोटो बॅटरीचा

साताऱ्यात रस्त्यात गाडी बंद पडली की माणूस एकटा राहत नाही. बॉनेट उचलायचा अवकाश, दोन मोटारसायकली थांबतात, दुधाचा टेम्पो थांबतो आणि कोणीतरी काका हातातली पिशवी खाली ठेवून आत डोकावतात. निदान मात्र सगळ्यांचं एकच : "बॅटरी गेली वं तुमची." गाडीत काहीही बिघडो, पहिला आळ बॅटरीवर. त्यात लोकांचा दोष कमी, गाड्या बनवणाऱ्यांचा जास्त. इंजिनच्या पट्ट्यावर फिरून गाडीसाठी वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरने काम सोडलं की समोर जो लाल दिवा लागतो, त्यावर चित्र असतं बॅटरीचं. म्हणजे चोरी एकाने केली आणि चौकीत फोटो लागला दुसऱ्याचा.

वास्तविक बॅटरीचं मोठं काम एकच, सेल्फ मारायचा. एकदा इंजिन चालू झालं की हेडलाइट, वायपर, ब्लोअर, हॉर्न, पेट्रोलचा पंप, इंजिनचा कॉम्प्युटर, सगळ्यांचा खर्च अल्टरनेटर चालवतो. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीज परत भरून देतो, ते वेगळंच. एवढं करून गाडीच्या मालकाला तो कुठे बसवलाय हेही ठाऊक नसतं. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, डिकी उघडून बघतो, सीट कव्हर फुकट मागतो. अल्टरनेटर दाखवा, असं शोरूममध्ये कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आमच्या गाडीत हा लाल दिवा पहिल्यांदा लुकलुकला तेव्हा शेजारी मेहुणा बसला होता. मेहुणा कोरेगावचा, पोल्ट्रीवाला. एका नजरेत कोंबडी आजारी आहे की नुसती रुसलीय हे ओळखणारा माणूस. त्यामुळे निदानाच्या बाबतीत त्याचा आत्मविश्वास दांडगा. "दाजी, बॅटरीच हाय. फोटोच दाखवतंय की." पुराव्यासकट बोलणाऱ्या मेहुण्यापुढे दाजींचं काय चालणार? शिवाय त्याची बहीण मागच्या सीटवर होती. दुकानात नेऊन त्याने स्वतः घासाघीस केली, नवी बॅटरी बसवली आणि जुनी "भंगारात घालतो" म्हणून कोरेगावला घेऊन गेला. दिवा विझला. पुढे आठवडाभर आमच्या घरी मेहुण्याचं नाव धन्वंतरीच्या खालोखाल घेतलं जात होतं.

दिवा का विझला ते मागाहून कळलं. अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या रोटरला थोडी वीज पुरवावी लागते, तेव्हाच त्याचं चुंबक होतं. ही वीज कार्बनच्या दोन छोट्या ठोकळ्यांमधून जाते. कार्बन फिरत्या कड्यांवर घासत असतात आणि झिजत जातात. पार झिजले की कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. गाडीला हिसका बसला की दिवा लागतो, दुसरा हिसका बसला की विझतो. आमच्या बाबतीत विझायची वेळ आणि बॅटरीच्या दुकानातून निघायची वेळ एकच पडली. मोठमोठ्या बाबांची कीर्तीही अशाच वेळा जुळण्यावर उभी असावी असा मला दाट संशय आहे.

मग पाऊस लागला. ठोसेघरचा धबधबा बघून संध्याकाळी उतरत होतो. सज्जनगडचा फाटा मागे पडला आणि आधी गाणं बंद झालं. ते मेहुण्याने दिवाळीला बसवून दिलेल्या साउंड सिस्टिमवरचं होतं, त्यामुळे मला तितकंसं दुःख झालं नाही. पण मग वायपर अर्ध्या काचेवर जाऊन विचार करायला लागला. हेडलाइट पिवळे झाले. स्टिअरिंग जड झालं. आणि वीज संपत आलेली असताना डॅशबोर्डवरचे, मी जन्मात न पाहिलेले, सगळे दिवे एकदम पेटले. बोगद्याच्या जरा अलीकडे गाडीने मान टाकली. पेट्रोल होतं, पण ते वर चढवायला पंपाला वीज नाही आणि पेटवायला ठिणगी नाही.

माणसं जमलीच. एक काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले निघाले. "आमच्या जुन्या यष्टीला एकदा स्टार्ट झाल्यावर बॅटरी लागायचीच न्हाय," त्यांनी कौतुकाने सांगितलं, आणि ते खरंही होतं. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यंत्रावर चालायचा, त्याला विजेची फिकीर नव्हती. एक डंपरवाला केबल घेऊन आला. त्याला टेम्पोवाल्याने अडवलं. "तुझं 24 व्होल्टचं हाय मर्दा, ह्यांची वायरिंग जाळतो का?" मग टेम्पोच्याच बॅटरीवरून लाल ते लाल, काळं ते काळं नीट बघून जोडलं. ही जोडणी उलटी झाली तर अल्टरनेटरमधले डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, क्षणात जातात, हे टेम्पोवाल्याने सांगितलं, तेही जोडून झाल्यावर.

इंजिन चालू झालं आणि काका पुढे सरसावले. "आता बॅटरीची वायर काढा. गाडी चालू राहिली तर डायनामा बरा, बंद पडली तर डायनामा गेला."

ही परीक्षा डायनामोच्या जमान्यातली. डायनामो म्हणजे अल्टरनेटरच्या आधी गाडीत वीज बनवणारं यंत्र. तेव्हाच्या गाड्यांत कॉम्प्युटर नव्हता आणि तो डायनामो इंजिन हळू चालत असलं की फारसं चार्जिंगही करत नसे, दिवे मिणमिणायचे. 1960 मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला आणि पुढे सगळीकडे तोच आला, पण साताऱ्यात त्याला अजूनही डायनामा म्हणतात आणि परीक्षाही डायनामाचीच घेतात. चालू इंजिनावर बॅटरी काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं. त्याचे स्वतःचे डायोड जाऊ शकतात, नशीब वाईट असेल तर गाडीचा कॉम्प्युटरही जातो. काकांचा हात पान्यापर्यंत पोचला होता. बायकोने खिडकीतून फक्त "काका, राहू द्या" एवढंच म्हटलं, पण त्या आवाजाला घरात मीही घाबरतो. काकांनी पाना ठेवला.

केबल काढल्यावर गाडी पुन्हा बंद. शेवटी टेम्पोला दोर बांधून बोगदा पार केला. इंजिन बंद असताना ब्रेकवर जवळजवळ उभंच राहावं लागतं. आपण पुढच्या टेम्पोच्या दुधात जाणार की काय, हा विचार बोगदा उतरून गावात शिरेपर्यंत सोबतीला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी वायरमनकडे. हा माणूस बोलत नाही, मीटर लावतो. बंद गाडीला चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर तो आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान चढला पाहिजे. चढला तर अल्टरनेटर जिवंत. आमचा आकडा चढायचं सोडून उतरायला लागला. एवढीच ती परीक्षा. लागते मिनिटभर, आणि ती नवी बॅटरी घ्यायच्या आधी कोणत्याही वायरमनकडे करता आली असती. हे मी मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही. त्याची बहीण सांगू देत नाही.

अल्टरनेटर उघडला. कार्बनचे नुसते तुकडे उरलेले, कड्यांवर काळ्या चाकोऱ्या, बेअरिंग हाताने फिरवलं तरी कुरकुरत होतं. मी विचारलं, "किती वर्षं चालतो हो हा?"

वायरमनने माझ्याकडे न बघता उलट विचारलं, "तुम्ही कसं चालवता?"

मग एकेक करून त्याने माझा सगळा संसार बाहेर काढला. सात ते दहा वर्षं किंवा दीडेक लाख किलोमीटर हा आपला साधारण हिशेब. बॉनेटखालच्या उष्णतेने डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर शिजतात. पट्टा सैल असला तर घसरतो, चार्जिंग कमी होतं; जास्त ताणला तर बेअरिंग खातो. वरून ऑइल गळत असेल तर ते कार्बनवर जातं. वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचं पाणी बॉनेटमध्ये मारतो, ते थेट आत. जुनी, मेलेली बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, म्हणून अल्टरनेटर दिवसभर पूर्ण ताकदीने राबतो. "आणि डिकीत ते काय ठेवलंय?"

डिकीत मेहुण्याचा अँप्लिफायर होता. छोट्या गाडीचा अल्टरनेटर साधारण 65 ते 90 अँपिअरचा. तसला अँप्लिफायर पूर्ण आवाजात 30 अँपिअर सहज ओढतो. पावसात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर धरून हिशेब केला तर ठोसेघरपर्यंत आम्ही पोचलो हेच पुष्कळ.

वायरमन कार्बन आणि बेअरिंग बदलत होता तोवर मी त्याच्या बिलबुकाच्या पाठीवर आकडेमोड केली. पुलीमुळे अल्टरनेटर इंजिनच्या दुपटी-तिपटीने फिरतो. मिनिटाला 5000 फेरे धरले आणि ताशी सरासरी 40 किलोमीटर धरले, तर दीड लाख किलोमीटरला 112 कोटींच्या वर फेरे होतात. मी थक्क होऊन आकडा बायकोला दाखवला.

तिने कागद परत दिला. "मी वडाला सात फेरे मारते आणि सात जन्मांची बोलणी होतात. ह्याला कोटींनी फेरे मारून दहा वर्षंसुद्धा कोणी लिहून देत नाही?"

वायरमन पहिल्यांदा हसला. कार्बन, बेअरिंग आणि मजुरी मिळून झालेला खर्च नव्या बॅटरीपेक्षा कमी होता. नवा अल्टरनेटर घ्यावा लागला असता तर आकडा पाच अंकी झाला असता. अँप्लिफायर काढून टाकायचा ठराव तिथेच एकमताने पास झाला; फक्त तो मेहुण्याला कोणी कळवायचं यावर अजून एकमत नाही.

आमची जुनी बॅटरी भंगारात गेलीच नाही. मेहुण्याने ती चार्ज करून पोल्ट्रीवर लावलीय, लाइट गेली की शेडमधले दिवे त्याच बॅटरीवर लागतात. परवा जेवायला गेलो होतो तेव्हा मुद्दाम आत नेऊन दाखवली. "एक नंबर बॅटरी हाय दाजी," तो म्हणाला. "तुम्ही उगंच काढली."