‘टाका सोडवून घ्या’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

माझ्या मामेबहिणीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले. ती एकतीस वर्षांची आहे, लग्नाला तीन वर्षे झाली आहेत आणि मूल व्हायचे आहे. गाठ दीड सेंटिमीटरच्या आत होती, म्हणून डॉक्टरांनी गर्भाशय जागेवर ठेवले आणि त्याचे मुख, मुखाभोवतीचा भाग व ओटीपोटातील लसिकाग्रंथी (हा आजार आधी जेथे पसरतो त्या छोट्या गाठी) एवढेच काढले आणि गर्भाशयाच्या खालच्या टोकाला एक टाका घातला. गेल्या मंगळवारी रात्री अकरा वाजता तिचा फोन आला आणि कसलीही प्रस्तावना न करता तिने विचारले, “ताई, तो टाका काढून घेऊ का?” तासाभरापूर्वी तिच्या सासूबाईंनी भिशीच्या गटात आलेला एक संदेश तिला पाठवला होता. पुढच्या दोन दिवसांत तोच संदेश मला आणखी तिघींनी पाठवला आणि त्यांतील एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

संदेशात थोडक्यात असे म्हटले आहे: पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बाईला पुन्हा मूल होत नाही; चाकू लागला की कॅन्सर पसरतो; दिवस राहिले तर तो परत येतो; डॉक्टर पिशवीला ‘दोरा’ बांधून ठेवतात, तोच गर्भ राहू देत नाही, तो सोडवून नव्वद दिवस अमुक काढा घेतला की नवे तोंड फुटते; तेही जमले नाही तर पुण्यात नवी पिशवी बसवून मिळते; आणि मुलींना या कॅन्सरविरुद्धची लस देऊ नका, तिने वांझपण येते. पहिल्या ओळीत मूल अशक्य आहे आणि चौथ्या ओळीत ते नव्वद दिवसांवर आले आहे, ही विसंगती लिहिणाऱ्याला खटकली नाही आणि पाठवणाऱ्यांनाही नाही.

क्रम मोडून मी आधी दोऱ्याचा मुद्दा घेते, कारण बाकीच्या दाव्यांनी मनस्ताप होईल, पण या एका सल्ल्याने प्रत्यक्ष इजा होईल.

गर्भाशयमुख साधारण तीन ते चार सेंटिमीटर लांब असते. नऊ महिने गर्भाचा भार पेलून बंद राहायचे आणि आतील चिकट स्रावाच्या बुचाने योनीमार्गातील जंतूंना वर जाऊ द्यायचे नाही, ही त्याची कामे. माझ्या बहिणीवर झालेल्या शस्त्रक्रियेला रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी म्हणतात. ती फ्रान्समधील लियों शहरात डॅनियल दार्जाँ या शल्यविशारदाने १९८७ च्या सुमारास सुरू केली आणि १९९४ मध्ये तिचे वृत्त प्रसिद्ध केले. तीत हे मुख बहुतेक सगळे कापले जाते, गर्भाशयाकडच्या टोकाला जेमतेम सेंटिमीटरभर भाग उरतो आणि उरलेले गर्भाशय योनीमार्गाला जोडले जाते. दार उरलेले नाही, म्हणून दाराच्या जागी न विरघळणाऱ्या धाग्याचा एक पक्का टाका घालतात. तो अगदी आवळून घातलेला नसतो. पाळीचे रक्त बाहेर येईल आणि शुक्रजंतू आत जातील एवढी वाट मध्ये ठेवलेली असते. म्हणजे ज्या टाक्याला हा संदेश गर्भाचा वैरी ठरवतो, तो राहिलेला गर्भ टिकावा एवढ्याचसाठी आहे. ती वाट मोकळी असताना तो सोडवला तर दिवस राहण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही, आणि राहिले तर चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ निसटण्याचा धोका मात्र वाढतो.

यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. काही जणींची ती अरुंद वाट जखम भरताना आकसते, पाळीचे रक्त आत अडकते, पोटात कळा येतात आणि गर्भधारणेलाही अडचण होते. कधी टाका आतल्या आत घासून बाहेर डोकावतो, स्राव होत राहतो आणि तो काढावा किंवा बदलावा लागतो. बहिणीची गेल्या महिन्याची पाळी फार कमी आणि फार दुखरी गेली, म्हणूनच ती या ओळीला फसली. पण वाट आकसली असेल तर ती रुंद करतात, तीही ज्याने शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरने तपासून. जवळच्या कोणत्याही दवाखान्यात जाऊन ‘तेवढा दोरा काढा’ म्हणणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आणि तो काढा! छाटलेल्या शेवग्याला फुटवा येतो तसे कापलेले गर्भाशयमुख पुन्हा फुटते, असे मानायला शरीरशास्त्रात काडीचाही आधार नाही. काढ्यात काय आहे ते संदेशात लिहिलेले नाही, पैसे कोणत्या क्रमांकावर पाठवायचे तेवढे लिहिले आहे. त्याखालची ओळ अधिक भयंकर आहे: काढा चालू असताना नव्वद दिवस ‘आतून तपासणी’ करून घेऊ नये. हा आजार उलटायचाच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो आणि म्हणूनच त्या काळात दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला बोलावतात. काढ्याने पोट बिघडले तर एक वेळ चालेल. चुकलेली तपासणी भरून काढता येईलच असे नाही.

आता पहिला दावा, मूल होतच नाही हा. आपल्याकडे दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना या कर्करोगाचे निदान होते आणि त्यांपैकी पुष्कळ जणी आजार पुढे गेल्यावरच डॉक्टरपर्यंत पोहोचतात. तेव्हा रेडिएशन, ज्याला आपण ‘लाईट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतो, हाच मुख्य उपचार असतो. त्यात गर्भाशयाचे अस्तर आणि बीजांडकोश दोन्ही निकामी होतात. अशा घरांतून हे वाक्य आले असेल तर मी त्यांना दोष देत नाही. पण सर्वांना एकच नियम लावणे चूक आहे. येथे सारा हिशेब मिलिमीटरमध्ये चालतो. आजार तीन मिलिमीटरपेक्षा खोल गेला नसेल, रक्तवाहिन्यांत व लसिकावाहिन्यांत शिरला नसेल आणि कापलेल्या कडा स्वच्छ असतील, तर मुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढणे अनेकदा पुरेसे होते. त्यापुढे, पण दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत, निवडक स्त्रियांसाठी ट्रॅकेलेक्टॉमीचा विचार होतो. शस्त्रक्रिया चालू असतानाच ग्रंथी आणि वरची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि तेथे आजार दिसला तर बेत बदलतो. माझ्या बहिणीने भुलीपूर्वी त्या संमतीच्या कागदावरही सही केली होती.

या स्त्रियांचे पुढे काय होते, याचे मला सापडलेले सर्वांत भक्कम उत्तर २०१६ मधील आहे. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी या कर्करोग संस्थेतील डॉक्टरांनी तोवर प्रसिद्ध झालेले अहवाल एकत्र केले. गर्भाशय राखून उपचार केलेल्या २,७७७ स्त्रिया आणि त्यांना राहिलेल्या ९४४ गर्भधारणा त्यांत होत्या. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के स्त्रियांना दिवस राहिले, सुमारे ७० टक्के गर्भधारणांत जिवंत मूल जन्मले आणि ३८ टक्के वेळा बाळंतपण अपुऱ्या दिवसांचे झाले. हे आकडे मी बहिणीला फोनवर वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, “म्हणजे अर्ध्याहून जास्त.” मी हो म्हटले, पण तिसरा आकडाही पुन्हा सांगितला. दिवस राहणे ही अर्धीच लढाई आहे. मुखाचे बूच नसल्याने जंतू वर चढून पाण्याची पिशवी लवकर फुटू शकते, म्हणून गर्भारपणात वारंवार तपासण्या लागतात आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे लागते. टाका असल्यामुळे बाळंतपण सिझेरियननेच होते.

ज्यांचे गर्भाशय काढावे लागले त्यांचीही वाट पूर्ण बंद नाही. तरुण स्त्रीचे बीजांडकोश शक्य असेल तेथे ठेवतात, रेडिएशन द्यायचे असेल तर ते कधी वर सरकवून टाचतात, आणि उपचारापूर्वी वेळ मिळाला तर स्त्रीबीजे किंवा भ्रूण गोठवून ठेवता येतात. मात्र पुढचा मार्ग सरोगसीचा आहे आणि २०२१ च्या कायद्याने तो आपल्याकडे केवळ परोपकारी, म्हणजे मोबदल्याविना आणि बऱ्याच अटींसह उरला आहे. ‘सरोगसी करून घ्या की’ असे सहज म्हणणाऱ्यांनी आधी तो कायदा वाचावा.

चाकू लागला की कॅन्सर पसरतो, या दाव्याच्या मागे कुठेतरी एक खरी गोष्ट आहे, आणि तीच या दाव्याला खोटे पाडते. २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. गर्भाशय काढण्याची मोठी शस्त्रक्रिया काही जणींवर पोट उघडून आणि काही जणींवर दुर्बिणीने किंवा रोबोटने केली होती. साडेचार वर्षांनी पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के स्त्रिया आजाराविना होत्या, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. लहान छेदांचे आकर्षण असलेल्या सगळ्यांनाच हा धक्का होता आणि अनेक रुग्णालये पुन्हा पोट उघडण्याकडे वळली. म्हणजे शस्त्रक्रिया कशी होते याने फरक पडतो, हे खरे. पण पोटावर मोठा चाकू लागलेल्या स्त्रियांपैकी ९६.५ टक्के ज्या चाचणीत आजाराविना राहिल्या, तिच्यावरून चाकूच नको असा निष्कर्ष काढायला वेगळीच बुद्धी लागते.

दिवस राहिल्याने कर्करोग परत येतो, असे दाखवणारा पुरावा नाही. हा आजार बहुतांशी एचपीव्ही या विषाणूच्या चिकाटीने राहिलेल्या संसर्गातून होतो, गर्भारपणातून नाही. जखम भरावी आणि सुरुवातीच्या तपासण्या स्वच्छ याव्यात म्हणून डॉक्टर काही महिने थांबायला सांगतात. बहिणीला वर्षभर सांगितले आहे. सासूबाईंना ही वाट पाहणे म्हणजे दिवस राहण्यात धोका असल्याची कबुली वाटते, हे मला कळते.

पुण्याची गोष्ट मात्र खरी आहे. मे २०१७ मध्ये गॅलॅक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने गर्भाशयाचे प्रत्यारोपण केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा प्रत्यारोपित गर्भाशयातून तेथे मूल जन्मले. स्वीडनमधील पहिल्या नऊ जणींपैकी एकीचे गर्भाशय तर याच कर्करोगामुळे काढलेले होते. परंतु दुसऱ्याचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधे घ्यावी लागतात, ती प्रतिकारशक्तीच दाबतात, आणि कर्करोगातून उठलेल्या स्त्रीसाठी हा लहान प्रश्न नाही. शिवाय जिचे स्वतःचे गर्भाशय जागेवर आहे, तिला ही बातमी पाठवण्यात काय हशील आहे?

लसीने वांझपण येते, यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. असे काही सिद्ध झालेले नाही. उलट ज्या आजारामुळे माझ्या बहिणीचे मातृत्व टांगणीला लागले, त्याच्या बहुतेक प्रकारांपासून ही लस वाचवते.

ज्यांना हा संदेश पुढे पाठवायचाच आहे, त्यांनी त्याऐवजी आपल्या बार्शीची गोष्ट पाठवावी. पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावागावांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय यांनी परदेशी संशोधकांच्या साथीने जे काम केले, त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढे गेलेला आजार आणि त्याने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. गाठ दीड सेंटिमीटरची असताना सापडली, तरच टाक्याची चर्चा करण्याची वेळ येते.

यातला बराचसा मजकूर मी त्या भिशीच्या गटातही पाठवला. दिवसभर कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी बहिणीच्या सासूबाईंनी एवढेच विचारले, की बाळंतपण झाल्यावर तरी तो टाका काढतात ना. मी लिहिले, दुसरे मूल हवे असेल तर तेव्हाही ठेवतात.